बालपोषणाचा प्रोजेक्ट लीड करताय? सातारा-सांगलीच्या गावात काम करणाऱ्या एनएसएसच्या पोरापोरींसाठी सविस्तर मार्गदर्शन

कॉलेजच्या एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) युनिटकडून तुमच्याकडं 'बालकल्याण आणि पोषण' हा विषय आला असेल किंवा कम्युनिटी एंगेजमेंट प्रोजेक्टसाठी तुम्ही स्वतःहून तो निवडला असेल, तर टीमच्या पहिल्या मीटिंगमध्ये बहुतेक एकच यादी निघते. प्रभातफेरी, भिंतीवर घोषवाक्यं, एका डॉक्टरांचं भाषण, पोरांना केळी-बिस्किटं वाटप आणि शेवटी ग्रुप फोटो. माझं स्पष्ट मत आहे की यातल्या एकाही गोष्टीनं पोराच्या ताटात काही बदलत नाही. ताटात फरक पडतो तो त्याच घरी, त्याच आईकडं, त्याच आजीकडं परत परत गेल्यावर. त्यामुळं खाली जे काही लिहिलंय ते सगळं एवढ्यासाठीच आहे की थोडीच घरं घ्यायची पण ती सोडायची नाहीत.

आणि "आपल्याकडं कुठलं आलंय कुपोषण, ते तिकडं मेळघाटात" हे वाक्य तुम्हाला गावात, कॉलेजात, अगदी स्वतःच्या घरातसुद्धा ऐकायला मिळणार. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी झाली २०१९ ते २१ मध्ये, त्यात महाराष्ट्रातली ५ वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानानं उंचीला कमी, २५.६ टक्के उंचीच्या मानानं वजनाला कमी, आणि ६ ते ५९ महिन्यांच्या ६८.९ टक्के मुलांच्या अंगात रक्त कमी, असं निघालंय. हे आकडे पूर्ण राज्याचे आहेत, पण एवढी मोठी टक्केवारी नुसत्या एका-दोन जिल्ह्यांतनं येत नसते. ऊस, द्राक्ष, हळद, दूध डेअरी सगळं असलेल्या गावातसुद्धा दीड वर्षाचं पोर चहात बुडवलेल्या खारीवर दुपारपर्यंत काढतं, हे चार घरं फिरलात की स्वतःच दिसेल.

काम केवढं घ्यायचं

एक गाव, एक किंवा फार तर दोन अंगणवाड्या, आणि ६ महिने ते ३ वर्षं वयाचं मूल असलेली २५-३० घरं. कालावधी कमीत कमी चार महिने. आठ-दहा जणांची टीम असेल तर दोघादोघांच्या जोड्या करा आणि प्रत्येक जोडीत एक तरी मुलगी पाहिजेच, कारण अंगावर पाजण्याबद्दल कुठलीच आई अनोळखी पोरासमोर मोकळी बोलणार नाही. एका जोडीला पाच-सहा घरं, दर पंधरा दिवसांनी एक भेट. एनएसएसला वर्षाला १२० तास भरायचे असतात, त्यात हे आरामात बसतं.

वय ३ वर्षांच्या आतलंच का, तर ३ ते ६ ची पोरं अंगणवाडीत येतात, तिथं त्यांना गरम ताजा आहार मिळतो, बाईंची रोज नजर असते. त्याच्या आतलं पोर घरीच असतं. आणि गर्भात असल्यापासून दोन वर्षं पूर्ण होईपर्यंतचे जे हजार दिवस म्हणतात त्या काळात उंची आणि मेंदूच्या वाढीत जे मागं पडतं ते नंतर भरून काढणं फार अवघड जातं. गरोदर आणि दूध पाजणाऱ्या आया पण यादीत घेता आल्या तर घ्याच.

शाळेतल्या पोरांसमोर कार्यक्रम करायचा मोह होतो कारण ती एका जागी बसलेली सापडतात. तो वेगळा प्रोजेक्ट आहे. दोन्ही एकत्र करू नका.

परवानगी आणि माणसं

पहिलं पत्र एनएसएसच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांच्या सहीनं, कॉलेजच्या लेटरहेडवर, तालुक्याच्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या नावानं. अंगणवाड्या ग्रामपंचायतीच्या हाताखाली नसतात, एकात्मिक बालविकास सेवा योजनेत येतात, ती २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली आणि आपल्याकडं ग्रामीण भागात जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण विभागातून चालते. त्या पत्राची प्रत पर्यवेक्षिका, प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी आणि ग्रामपंचायत यांना द्या.

पत्रात गावाचं नाव, कालावधी, विद्यार्थ्यांची यादी हे तर असतंच, पण त्यात एक परिच्छेद असा टाका की आम्ही काय करणार नाही. औषध-गोळ्या देणार नाही, आहार वाटपात लक्ष घालणार नाही, मुलांचे फोटो कुठं टाकणार नाही, अंगणवाडीची तपासणी करणार नाही. पोरं येऊन चुका शोधतील आणि स्टेटसला टाकतील ही ऑफिसची खरी भीती असते, ती या चार ओळींनी जाते आणि सही लवकर मिळते.

त्यानंतरची सगळ्यात महत्त्वाची भेट सेविकाताईंची. त्यांच्याकडं वजन-उंची, पोषण ट्रॅकर ॲपमधल्या नोंदी, आहार वाटप, पूर्वशालेय शिक्षण, सर्व्हे, सरकारी दिवस साजरे करणं असं सगळं असतं आणि त्यात तुमची टीम म्हणजे अजून एक काम वाढलं असंच त्यांना वाटणार. म्हणून पहिल्या दिवशी वही-पेन काढून मुलाखत घेऊ नका. एवढंच विचारा, "ताई, महिन्याचं वजन-उंची कुठल्या तारखेला घेता? त्या दिवशी आमच्यातली दोघं हाताखाली येऊ का?" तो दिवस त्यांच्याबरोबर काढा, मदतनीस ताईंना पाणी भरू लागा, पोरांना रांगेत बसवा. घरांची यादी त्याच्यानंतर मागा. आणि पुढं घरभेटीला गेल्यावर ओळख करून देताना "आम्ही अंगणवाडीच्या बाईंबरोबर काम करतोय" असं म्हणा, कॉलेजचं नाव नंतर. कारण तुमचे चार महिने संपल्यावर त्या घरात जाणारी बाई तीच असणार आहे, तिचा मान वाढला तर काम टिकणार. आशाताई आणि उपकेंद्राच्या सिस्टरना पण सुरुवातीलाच भेटून ठेवा, एखादं मूल पुढं पाठवायची वेळ आली की त्यांचीच मदत लागते.

टीमचं एक दिवसाचं ट्रेनिंग प्राथमिक आरोग्य केंद्रात लावून घ्या. त्यात भाषण कमी आणि मोजमापाचा सराव जास्त.

वेळ कधीची धरायची

कॉलेजचं टाइमटेबल बघून व्हिजिट लावली की घराला कुलूप मिळतं. माण-खटावला ज्वारीची काढणी, तासगावला द्राक्षाची छाटणी नाहीतर माल काढणी, कराड-वाळव्याला ऊस, आणि भांगलण तर सगळीकडंच, त्यामुळं बायका दिवसभर रानात असतात. रानातनं आल्यावर आणि संध्याकाळचा स्वयंपाक चढवायच्या आधी जो अर्धा-पाऊण तास मिळतो तोच तुमचा. कुणा घरी सकाळी बरं पडतं, ते त्यांनाच विचारा. सेमिस्टर परीक्षा, गावची जत्रा आणि दिवाळी या तीन गोष्टी आधीच कॅलेंडरवर मारून ठेवा, म्हणजे मध्येच महिनाभर गायब व्हायची वेळ येत नाही.

मोजमाप

हे काम सेविकाताई किंवा सिस्टरच्या देखरेखीखालीच करायचं. तीन गोष्टी मोजतात: वजन, उंची आणि दंडघेर, म्हणजे दंडाचा घेर.

वजन घेताना आधी काटा शून्यावर आहे का बघा, पोराचे जाड कपडे, टोपी, स्वेटर काढा. उंची २ वर्षांच्या आतल्या मुलाची आडवं झोपवून आणि त्यापुढच्या मुलाची उभं करून. झोपवून मोजायला दोन माणसं लागतातच, एकानं डोकं फळीला टेकवून सरळ धरायचं आणि दुसऱ्यानं गुडघे हलके दाबून पाय सरळ करायचे. २ वर्षांच्या आतलं मूल काही केल्या झोपतच नसेल आणि उभं मोजावं लागलं तर त्यात ०.७ सेंटीमीटर मिळवायचे असतात. वयाची खात्री जन्मतारखेवरूनच करा, "दीड वर्षाचा असंल" यावर सगळं गणित चुकतं.

दंडघेर ६ ते ५९ महिन्यांच्या मुलांचा घेतात. डावा हात, खांद्याचं टोक आणि कोपराचं टोक यांच्या बरोबर मधोमध खूण करायची, हात सैल खाली सोडायचा आणि मग पट्टी गुंडाळायची, कातडी दाबली जाईल इतकी घट्ट नको आणि मध्ये फट राहील इतकी ढिली पण नको. दोनदा मोजा. १२.५ सेंटीमीटर किंवा जास्त म्हणजे ठीक, ११.५ ते १२.५ च्या मध्ये म्हणजे मध्यम तीव्र कुपोषण, ११.५ च्या खाली म्हणजे अतितीव्र कुपोषण. दोन्ही पावलांवर अंगठ्यानं दाबल्यावर खड्डा तसाच राहत असेल, म्हणजे सूज असेल, तर पट्टी काही का दाखवेना ते मूल गंभीर धरायचं. आणि पट्टी हिरव्यात, म्हणजे १२.५ च्या पुढं, आली म्हणून निर्धास्त होऊ नका, उंचीच्या मानानं वजन कमी असलेली काही मुलं दंडघेरात सापडत नाहीत, ते ताईंच्या ॲपमध्ये वजन-उंची भरल्यावर कळतं.

११.५ च्या खाली आलेलं किंवा सूज असलेलं मूल त्याच दिवशी ताई, आशाताई, सिस्टर यांच्यामार्फत आरोग्य केंद्राला दाखवायचं. भूक चांगली असेल, दुसरा आजार नसेल तर गावातच ग्राम बाल विकास केंद्रात त्याला जादा आहार देता येतो. ताप असेल, खातच नसेल, मलूल पडलं असेल, सूज असेल तर पोषण पुनर्वसन केंद्रात भरती करावं लागतं. तिथं जायचं म्हणजे आईची मजुरी बुडते, घरी दुसरं पोर असतं, सासू नको म्हणते. इथं तुमचा खरा उपयोग आहे: बरोबर जायचं, केसपेपर काढू लागायचं, घरच्यांशी बोलायचं. उपचार काय करायचे ते डॉक्टर बघतील.

एक गोष्ट टीमला बजावून सांगा. अंगणवाडीच्या ओट्यावर चार बायकांसमोर "हे कुपोषित आहे" असं कुणीही, कधीही मोठ्यानं बोलायचं नाही. त्या आईला तो आकडा आपल्या आईपणावर मारलेला शिक्का वाटतो, आणि पुढच्या महिन्यात ती पोराला वजनाला आणतच नाही. आकडा बाजूला घेऊन, हळू आवाजात, पुढं काय करायचं त्याच्यासकट सांगायचा.

घरभेट, आणि 'काल काय खाल्लं'

माझ्या मते अख्ख्या प्रोजेक्टचा जीव इथं आहे, त्यामुळं याला सगळ्यात जास्त वेळ द्या.

"बाळाला भाज्या देता का?" असं विचारलं की उत्तर "हो देतो की" असंच येणार, परीक्षेत विचारल्यासारखं वाटतं ते. त्याऐवजी काल सकाळपासून सुरू करा. काल उठल्यावर पहिलं काय घेतलं? मग? तुम्ही रानात गेल्यावर कुणाजवळ होता? आजीनं काय दिलं? दुपारी झोपून उठल्यावर? दुकानातलं काही? रात्री कुणाच्या ताटात जेवला? रात्री अंगावर प्याला का? आणि प्रत्येक वेळी किती, तर घरातलीच वाटी दाखवायला सांगा, ती किती भरली होती. मध्ये "अरेरे" नाही, "छान" पण नाही, चेहरा साधा ठेवायचा, नाहीतर पुढची उत्तरं तुमचा चेहरा बघून बदलत जातात.

घरी आल्यावर ते आठ गटांत मांडा: आईचं दूध, धान्य आणि कंदमुळं, डाळी-कडधान्य-शेंगदाणे, दूध-दही, मटण-चिकन-मासे, अंडी, हिरवा पाला-गाजर-भोपळा-आंबा-पपई असली 'अ' जीवनसत्त्वाची फळं-भाज्या, बाकीची फळं-भाज्या. ६ ते २३ महिन्यांच्या मुलाच्या पोटात दिवसभरात यातले निदान पाच गट गेले पाहिजेत. बहुतेक घरांत दोन किंवा तीनवर गाडी थांबते, धान्य, आईचं दूध, आणि थोडं वरचं दूध नाहीतर डाळीचं पाणी.

डाळीच्या पाण्याबद्दल जरा सविस्तर सांगतो कारण त्याच्याइतकी पक्की समजूत दुसरी कुठली नाही. लहान मुलाच्या पोटात एका वेळी साधारण वजनाच्या किलोमागे ३० मिली मावतं, म्हणजे ८ किलोच्या बाळाला एक वाटी झाली की पोट फुल. ती वाटी वरच्या पाण्यानं भरली तर पोट भरतं, बाळ गप बसतं, आईला वाटतं जेवलं, पण अंगाला लागण्यासारखं त्यात फार काही नसतंच. डाळ खाली पातेल्यात राहते आणि ती मोठी माणसं खातात.

आजी हा विषय वेगळा. "आमी काय पोरं वाढवली न्हाईत व्हय?" हे ऐकायची तयारी ठेवा आणि वाद घालू नका. उलट तिलाच विचारा, "आजी, तुमच्या वेळी पोराला पहिलं काय भरवायचा?" मग नाचणीचं सत्त्व, हुलग्याचं माडगं, ज्वारीच्या कण्या, तांदुळजा, शेवग्याचा पाला अशी यादी तिच्याच तोंडून येते, आणि ती यादी खरंच चांगली असते. तिच्या तोंडून आलेलं सून उद्या करते. तुम्ही सांगितलेलं करेल की नाही याची खात्री नाही. फक्त दोन जुन्या चालींना नम्रपणे पण ठामपणे नाही म्हणा: ६ महिन्यांच्या आत आईच्या दुधाशिवाय पाणी, घुटी काहीही नको (डॉक्टरांनी दिलेलं औषध सोडून), आणि वर्षाच्या आत मध अजिबात नको.

बापाशी पण बोला. पाच रुपयांचं कुरकुऱ्याचं पाकीट बहुतेक वेळा तोच संध्याकाळी येताना आणतो, आणि ते प्रेमानं आणतो हे लक्षात ठेवून बोला. "त्यात थोडे पैसे घातले की एक अंडं नाहीतर केळी येतात" एवढं सांगितलं तरी पुष्कळ बाप ऐकतात, कारण त्याला तोपर्यंत कुणी विचारलेलंच नसतं.

काय सांगायचं: वयानुसार

एका भेटीत एकच गोष्ट. पाच सांगितल्या तर पाचही विसरल्या जातात. कुठली एक, ते त्या घरच्या 'काल'वरून ठरवा.

६ महिने पूर्ण झाले की वरचं खाणं सुरू, अंगावरचं दूध २ वर्षं आणि पुढंही चालू. ६ ते ८ महिने: दोन-तीन चमच्यांपासून सुरुवात करून अर्ध्या वाटीपर्यंत, दिवसाला दोन-तीन वेळा. ९ ते ११ महिने: अर्धी वाटी, तीन-चार वेळा, शिवाय एखादं मधलं खाणं. १ ते २ वर्षं: पाऊण ते एक वाटी, तीन-चार वेळा आणि एक-दोनदा मधलं. वाटी म्हणजे २५० मिलीची, घरातली वाटी बहुतेक त्यापेक्षा लहान असते म्हणून एकदा पाण्यानं मोजून दाखवा. बाळाची वाटी वेगळी ठेवायला सांगा, मोठ्यांच्या ताटातनं दोन घास दिले की नक्की किती गेलं ते कुणालाच कळत नाही.

पहिल्या वर्षात मीठ-साखर घालायची गरज नाही. चहा कुठल्याच लहान मुलाला नको, भूक मारतो आणि जेवणातलं लोह अंगी लागू देत नाही. पालेभाजी-कडधान्याबरोबर लिंबू पिळलं, पेरू-आवळा दिला तर तेच लोह जास्त लागतं. अख्खे शेंगदाणे, डाळिंबाचे दाणे, अख्खी द्राक्षं, बेदाणे लहान मुलांच्या घशात अडकतात. तासगाव-पलूसकडं तर घरात द्राक्षाची पाटीच पडलेली असते, तिथं द्राक्ष उभं चिरून द्यायचं हे हमखास सांगा.

जुलाब लागले की खाणं बंद करायची चाल आहे, ती मोडायला हवी. आईचं दूध आणि मऊ जेवण चालूच ठेवायचं, ओआरएस द्यायचं, आणि झिंकच्या गोळ्या आशाताई किंवा सिस्टरकडून घेऊन पूर्ण १४ दिवस, जुलाब थांबले तरी. बरं झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्त.

लोहाचं सिरप, 'अ' जीवनसत्त्वाचा डोस, जंताची गोळी हे सगळं सरकारी यंत्रणेतून फुकट मिळतं. तुमचं काम नुसतं विचारायचं, "मिळालं का, आणि घरी आणलेलं सिरप फळीवर पडलंय का पोटात गेलंय?"

पाककृती प्रात्यक्षिक

स्पर्धा नको. स्पर्धेत बायका सजवलेले केक आणि पाच-पाच पदार्थ आणतात, ज्यांच्याकडं वेळ-पैसा आहे त्यांनाच बक्षीस जातं आणि ज्या आईसाठी हे चाललंय ती मागं उभी राहते. त्यापेक्षा गल्लीत एकाच्या घरी, सात-आठ आया, एक आजी, त्यांच्याच घरातलं सामान. स्वयंपाक त्यांनीच करायचा, तुम्ही नाही. भरवायचं पण तिथंच. हात साबणानं धुण्यापासून सुरुवात, आईचे आणि बाळाचे पण.

नियम एकच शिकवा: वाटीत धान्य, डाळ किंवा दाणे, थोडं तेल-तूप आणि काहीतरी हिरवं किंवा पिवळं. चमचा तिरका केल्यावर घास भसकन ओघळला तर ते पातळ आहे, थोडा वेळ चिकटून राहिला तर बरोबर.

सगळ्यात सोपा आणि सगळ्यात जास्त टिकलेला पदार्थ म्हणजे भाकरीचा काला. आमटी करताना कांदा-लसूण चटणी टाकायच्या आधी बाळासाठी पळीभर घट्ट डाळ बाजूला काढायची, त्यात बाजरीची किंवा ज्वारीची ताजी भाकरी पापुद्रा काढून कुस्करायची, शिजवलेला शेवग्याचा पाला बोटानं मऊ करून मिसळायचा, वरून चमचाभर तेल. वेगळा स्वयंपाक नाही, वेगळा गॅस नाही, म्हणून रानात जाणाऱ्या आईला जमतं. "चटणीच्या आधी बाळाची वाटी" ही एक सवय लागली तरी मी म्हणेन तुमचा प्रोजेक्ट पावला.

दुसरं, भाजून दळलेलं पीठ. पाटण-जावळीकडं नाचणी, खाली ज्वारी किंवा खपली गहू, दोन वाट्या धान्य, एक वाटी मूगडाळ, अर्धी वाटी शेंगदाणे, सगळं वेगवेगळं भाजून एकत्र दळायचं. दुधात किंवा पाण्यात शिजवून खीर, नाहीतर छोटी धिरडी. शेंगदाणे खवट किंवा बुरशी धरलेले असतील तर सरळ टाकून द्या, आणि पीठ थोडंथोडंच करा.

अंगणवाडीतून ६ महिने ते ३ वर्षांच्या मुलांसाठी जो घरी न्यायचा आहार मिळतो त्याची चव आवडत नाही म्हणून काही घरी तो म्हशीच्या पाटीत जातो. रागवू नका. त्याच प्रात्यक्षिकात त्याचा शिरा, थालीपीठ, धिरडं करून बघा, ज्या बाईला जमलं तिनंच बाकीच्यांना सांगावं.

अंडी खाणाऱ्या घरात अंड्याइतकं सोपं काही नाही, एकात जवळपास ६ ग्रॅम प्रथिनं, उकडून कुस्करलं की झालं. माळकरी घरात अंड्याचा आग्रह धरू नका, दही, चवळी, मटकी, आणि कोरेगाव भागात तर वाघ्या घेवडा घरचाच असतो, त्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. रात्रभर भिजवून, पूर्ण मऊ शिजवून, कुस्करून.

एखादा दुकानदार किंवा कंपनीचा माणूस बेबी फूडचे डबे, दुधाच्या बाटल्या भेट द्यायला तयार झाला तर घेऊ नका. १९९२ च्या कायद्यानं अशा वस्तूंच्या प्रचाराला बंदी आहे.

उसाच्या टोळ्या

गळीत हंगाम सुरू झाला की बीडकडच्या आणि इतर दुष्काळी भागातल्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या आपल्याकडं येतात, कारखान्याच्या तळावर नाहीतर रानाच्या कडेला कोप्या (झोपड्या) पडतात. गावच्या यादीत ही पोरं नसतात आणि खरी गरज तिथंच जास्त असते. आई-बाप पहाटे अंधारात फडात जातात, आठ-नऊ वर्षांची बहीण धाकट्याला सांभाळते. आधी टोळीच्या मुकादमाशी बोला, मग ताईंना सांगून ही मुलं जवळच्या अंगणवाडीशी जोडता येतात का बघा, पर्यवेक्षिकांपर्यंत न्या. दंडघेर, लसीकरणाचं कार्ड, घरी न्यायचा आहार या तीन गोष्टी पहिल्यांदा. इथं पदार्थ शिकवण्यापेक्षा पहाटे केलेली भाकरी पोरासाठी दुपारपर्यंत झाकून कशी राहील, पिण्याचं पाणी कुठलं, एवढ्याच गोष्टी बोला. टोळी कधी उठेल सांगता येत नाही, म्हणून नोंद एका कार्डावर लिहून आईकडंच द्या.

मुलांची सुरक्षितता

कुणीही एकट्यानं मुलाला घेऊन कुठं जायचं नाही, बंद खोलीत बसायचं नाही. मुलाचा फोटो नाव-गावासकट कुठंही नाही, कुपोषित मुलाचा तर रिपोर्टमध्येसुद्धा नाही. पाककृतीच्या ताटांचे फोटो काढा हवे तेवढे. घरभेटीत मारहाण, बालविवाह, पोराला कामाला जुंपणं असं काही दिसलं तर तिथं भांडण करू नका, कार्यक्रम अधिकाऱ्यांना त्याच दिवशी सांगा आणि १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर टीममधल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये पाहिजे. लैंगिक अत्याचाराची शंका आली तर पोक्सो कायद्याप्रमाणं कळवणं बंधनकारक आहे, गप्प बसणं हा पर्याय नाही.

नोंदी, रिपोर्ट आणि पुढची बॅच

प्रत्येक घराला एक पान. तारीख, आठपैकी किती गट, किती वेळा जेवण, आज कुठली एक गोष्ट ठरली, आणि पुढच्या भेटीत ती झाली का. झाली नसेल तर का, हे आईच्या शब्दात जसंच्या तसं लिहा. "बाळाला भाकरी पचणार नाही असं सासूला वाटतं", "दुपारी भरवायला कुणी नसतं", ही वाक्यं रिपोर्टमधल्या कुठल्याही ग्राफपेक्षा ताईंना आणि पर्यवेक्षिकांना उपयोगी पडतात.

रिपोर्टमध्ये वजन वाढीचं श्रेय घेऊ नका. मूल वाढतं त्यात ऋतू, आजारपण, आरोग्य केंद्राचे उपचार, ताईंचं काम सगळं असतं. तुम्ही खात्रीनं सांगू शकता ते एवढंच की सुरुवातीला किती मुलांना पाच गट मिळत होते आणि शेवटी किती, किती घरात चहा बंद झाला, किती मुलं पुढं पाठवली आणि त्यातली किती खरंच पोचली. काही घरात काहीच बदललं नसेल, ते पण लिहा.

शेवटच्या पंधरवड्यात नवीन घर घेऊ नका. वह्या ताईंसमोर बसून वाचा, अजून लक्ष द्यावं लागेल अशा मुलांची वेगळी यादी करून ती ताई आणि आशाताईंकडं द्या, आणि मुलांची नावं असलेली पानं कॉलेजच्या कपाटात न ठेवता अंगणवाडीतच सोडा. सेकंड इयरमधल्या निदान दोन पोरी शेवटच्या दोन भेटींना बरोबर न्या, घरांशी ओळख करून द्या, म्हणजे जून-जुलैत कॉलेज उघडल्यावर त्यांना शून्यापासून सुरू करावं लागत नाही, आणि सप्टेंबरच्या पोषण महिन्यात ताईंवर कार्यक्रमांचा लोड येतो तेव्हा टीम हाताशी असते.